एक मोठी शिक्षक-खोली की विषयवार लहान खोल्या?

शाळेची इमारत बांधताना किंवा जुनी दुरुस्त करताना शिक्षकांसाठी एकच मोठी खोली ठेवावी की विषयवार लहान खोल्या द्याव्यात, हे बहुधा उरलेल्या जागेवरून ठरते. खरे तर वर्गातून बाहेर पडलेल्या शिक्षकाला त्या क्षणी काय हवे असते, यावरून ते ठरायला हवे.

मोठ्या खोलीची जमेची बाजू म्हणजे सहवास. एखाद्या वर्गापुढे हतबल होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला त्याच वर्गावर दुसरा विषय शिकवणारे सहकारी तिथे भेटतात, आणि ‘माझ्याही तासाला हेच होते’ एवढे ऐकूनही त्याला धीर येतो. विषयवार खोल्यांत ही भेट सहसा घडत नाही. चित्रकला किंवा संगीत शिकवणारी व्यक्ती शाळेत एकटीच असेल, तर तिच्या वाट्याला निव्वळ एकटेपणा येतो.

मोठ्या खोलीचा गंभीर दोष म्हणजे गोंगाट. भोवती कलकलाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एटिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये मांडलेला हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे सलग तीन-चार तास शिकवून दमलेला घसा विश्रांतीच्या वेळीही ताणला जातो, आणि शिक्षकाचे तर सारे काम घशावरच चालते. म्हणून मोठी खोली निवडल्यास नव्या फर्निचरच्या आधी छताला ध्वनिशोषक फलक बसवावेत. लहान खोलीत हा त्रास कमी होतो, शिवाय वह्यांचा गठ्ठा उघड्या डब्याशेजारी ठेवून, कोपर आखडून तपासण्याची वेळ येत नाही.

प्रकाशाची सोय दोन्हींकडे करता येते: युरोपीय मानक ईएन १२४६४-१ शिक्षक-खोलीला ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) पुरेसे मानते, पण लेखन-वाचनासाठी ५०० लक्स सांगते, त्यामुळे वह्या तपासण्याच्या टेबलावर वेगळा दिवा हवाच.

इमारत लांबलचक असेल आणि जाण्यायेण्यातच सुट्टी संपत असेल, तर लहान खोल्या घ्याव्यात. पण त्या विषयवार न करता मजलावार कराव्यात. इतरत्र माझा कौल मोठ्या खोलीला आहे, मात्र तिला लागून दार बंद होणारी एक शांत खोली असेल तरच. त्या खोलीत घोषणांचा स्पीकर नसावा आणि बदली तासांचा तक्ताही तिथे लावू नये.