दंडाच्या बीपी मशीनचा अनुभव: आकडा चोख, पण बसायचे कसे हे सांगत नाही

आईच्या रक्तदाबासाठी औषधाच्या दुकानातून आणलेले, दंडाला पट्टा बांधून चालवायचे हे डिजिटल मशीन घरात चांगले रुळले आहे. मशीन आपले काम चोख करते; खोट आहे ती आखूड नळीत आणि मुंगीच्या अक्षरांत छापलेल्या माहितीपत्रिकेत.

नळी आखूड असल्यामुळे पलंगावर बसून मोजायचे झाले की मशीन मांडीशी येते आणि हातही मांडीवरच विसावतो. दंड हृदयाच्या पातळीच्या जितका खाली जाईल तितका वरच्या रक्ताचा भार पट्ट्याखालच्या धमनीवर पडतो, दहा सेंटिमीटरला साधारण पाऱ्याचे सात-आठ मिलिमीटर (मशीनवरचे दाबाचे आकडे याच मापात असतात). अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सुमारे ४ने, तर लोंबता सोडल्यास सुमारे ६.५ने जास्त आला. म्हणजे १३६चा दाब १४०च्या पार गेलेला दिसायचा आणि उगाच गोळी वाढायची. म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलाशी पाठीची खुर्ची घेतो, कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवतो, पाय जमिनीवर सपाट टेकवतो आणि पाच मिनिटे गप्प बसतो. (आईसाठी यातले शेवटचे कलम सर्वांत कठीण.) पायावर पाय टाकला तरीही आकडा चढतो.

मशीनचा खरा उपयोग झाला तो आई उठल्यावर चक्कर येते म्हणू लागली तेव्हा. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय व पोटाकडे उतरते आणि ते सावरण्यासाठी नाडी सहसा मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते. आडवे असताना एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजल्यावर वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. दाब आणि नाडी एकाच पडद्यावर दिसत असल्याने दाब उतरूनही नाडी जागची हलली नाही, हे लगेच लक्षात आले आणि डॉक्टरांनी नेमके तेच विचारले. उभ्याने मोजताना शेजारी कोणीतरी हवेच.

मशीन जुन्या नोंदी साठवते, पण मोजताना माणूस बसला होता की उभा, हे नोंदवण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे वही सुटत नाही. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा, कारण तोकडा पट्टा आकडा फुगवतो. मनगटावरचे मशीन सुटसुटीत दिसते खरे, पण हात हृदयाच्या पातळीवर धरून ठेवणे वयस्कर माणसाला जमत नाही, म्हणून त्याची शिफारस मी करणार नाही.