गोळे उत्तम, बैठका निकृष्ट: खांदा-कोपराच्या हालचाली मोजण्यासाठी घेतलेल्या मार्कर-संचाचा वापरानंतरचा अनुभव

हे लिहिण्याचे तात्कालिक कारण म्हणजे पुरवठादाराचे एक पत्र. मार्कर म्हणजे प्रकाश परावर्तित करणारा छोटा गोळा; तो बैठकीवर, म्हणजे त्वचेला चिकटवायच्या चकतीवर बसवतात आणि कॅमेरे त्याची जागा टिपतात. पुण्यातील आमच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या हालचाल-विश्लेषण प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या संचातील निम्म्याहून अधिक बैठका वर्ष पूर्ण होण्याआधीच निकामी झाल्या आणि त्या बदलून मागितल्यावर ‘बैठक ही झिजणारी वस्तू असल्याने तिला हमी लागू नाही’ असे उत्तर आले. दुहेरी चिकटपट्टी ही झिजणारी वस्तू आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्लॅस्टिकच्या चकतीवर गोळा आट्यांनी बसवायचा असतो, ती चकतीही त्याच वर्गात मोडते, असे खरेदीच्या कागदपत्रांत कुठेही नमूद नव्हते. आमचे कॅमेरे एका कंपनीचे आणि मार्कर दुसऱ्याच पुरवठादाराचे असल्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हे ओघाने आलेच.

आधी गोळ्यांविषयी, कारण त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. धडासाठी १४ मिलिमीटरचे आणि मनगट व हातासाठी ९.५ मिलिमीटरचे गोळे आम्ही घेतले. त्यांचे परावर्तक आवरण सफाईने बसवलेले आहे, जोडाची रेघ जेमतेम दिसते आणि कडा अद्याप सुटलेल्या नाहीत. उघड्या बोटांनी गोळा धरायचा नाही, एवढे एकच पथ्य आम्ही कटाक्षाने पाळतो, कारण बोटांचे तेल आवरणातील सूक्ष्म काचमण्यांवर बसले की कॅमेऱ्याला तो गोळा अंधुक आणि वेडावाकडा दिसू लागतो व त्याचे केंद्र काढण्यात फरक पडतो. गोळ्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला मला संकोच वाटत नाही.

आता बैठका. चकतीच्या मध्यावर जो प्लॅस्टिकचा खुंट आहे, त्याचे आटे गोळा काही वेळा काढ-घाल केल्यावर ढिले होतात आणि गोळा डुगडुगू लागतो. ही डुगडुग डोळ्यांना दिसत नाही. ती आकड्यांत दिसते. एका ताठ पट्टीवर दोन मार्कर लावून ती पट्टी कॅमेऱ्यांसमोर फिरवली, तर त्या दोन मार्करांमधले अंतर मुळीच बदलता कामा नये. प्रत्यक्षात मिलिमीटरच्या अंशभर फरक पडतो आणि तो मान्यही आहे. आमच्या जुन्या बैठकांवर हा फरक दीड ते दोन मिलिमीटरपर्यंत गेला, तर त्याच पट्टीवर तेच गोळे नव्या बैठकांवर बसवल्यावर तो पुन्हा मिलिमीटरच्या आत आला. म्हणजे कॅमेरे ठीक होते, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची मापे जुळवणे) ठीक होते आणि गोळेही ठीक होते. ही सगळी मापे मी पुरवठादाराला पाठवली. त्यांचा उल्लेखही उत्तरात नाही.

दोन मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी कोपराचा विचार करावा. कोपराच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यांवर एकेक मार्कर लावून आपण कोपर वाकण्याचा अक्ष ठरवतो आणि प्रौढ माणसात या दोन मार्करांमधले अंतर साधारण साडेसहा-सात सेंटिमीटर असते. इतक्या आखूड रेषेचे एक टोक पाच मिलिमीटर सरकले, तर अक्ष चार अंशांहून अधिक कलतो. याचा अर्थ कोपराचा कोन तेवढाच चुकतो असे नव्हे. पण अक्ष कलला की वाकण्याच्या हालचालीचा काही भाग बाजूच्या कोनात आणि पिळाच्या कोनात दिसू लागतो, आणि मग जी हालचाल झालीच नाही ती आलेखावर ठळकपणे उमटते. बोटाने उंचवटा चाचपताना होणारी दोन-तीन मिलिमीटरची चूक कुणालाच टळत नाही. तिच्यात बैठकीची डुगडुग मिळवली की पाचाचा आकडा फार दूर राहत नाही.

आमच्याकडे रुग्णांबरोबर अधूनमधून क्लबस्तरावरचे गोलंदाजही येतात, त्यामुळे हा मुद्दा आमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही. आयसीसीने २००५ पासून सर्व गोलंदाजांसाठी कोपर सरळ होण्याची मर्यादा १५ अंश ठेवली आहे आणि हात आडव्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा फरक त्यासाठी मोजला जातो. अधिकृत चाचणी आम्ही करत नाही. त्यासाठी चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील मान्यताप्राप्त केंद्र आहे. परंतु एखाद्या मुलाला त्याच्या प्रशिक्षकासमोर ‘तुझा कोन बारा अंश आहे’ असे सांगताना त्या बारातले किती अंश त्याचे आणि किती माझ्या बैठकीचे, हे मला ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट या दोषाला घातक बनवते. कोपराच्या आतल्या बाजूचा मार्कर हालचाल करताना बरगडीला घासतो, म्हणून तो फक्त सुरुवातीच्या स्थिर नोंदीपुरता लावून मग काढून टाकतात आणि पुढे त्याची जागा दंडावरच्या क्लस्टरवरून (एकाच पट्टीवर पक्क्या बसवलेल्या मार्करांच्या गटावरून) गणिताने काढली जाते. त्यामुळे त्या काही सेकंदांत गोळा कललेला असेल, तर ती चूक हालचालीच्या गोंधळात विरून जात नाही; त्या दिवशीच्या प्रत्येक नोंदीत ती जशीच्या तशी उतरते.

बैठकीचा दुसरा दोष तिच्या व्यासाचा. खांद्याच्या टोकावर, जिथे गळपट्टीचे हाड ॲक्रोमिअनला (खवाट्याच्या हाडाच्या टोकाला) मिळते, तिथे सपाट जागा फारच थोडी असते; मनगटावर करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर तर त्याहून कमी. एवढ्या रुंद आणि कडक चकतीच्या कडा तिथे त्वचेला टेकतच नाहीत. पावसाळ्यात घाम आला की चिकटपट्टी आधी कडेकडून सुटते. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या खाचेत ही चकती बसवणे म्हणजे वाटीत ताटली ठेवण्यासारखे आहे. याउलट मानेच्या मुळाशी, डोके पुढे झुकवल्यावर ठळक होणाऱ्या सातव्या मणक्यावर ती उत्तम बसते. पाठीच्या मार्करविषयी नवख्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्सच्या २००५ च्या शिफारशींत छातीचा आठवा मणका घेतला आहे, तर प्लग-इन गेट या प्रचलित मॉडेलात दहावा. एका रुग्णाच्या दोन भेटींत दोन वेगळ्या जागा घेतल्या गेल्या, तर धडाचा कल बदलल्याचा निष्कर्ष निघेल आणि तो खोटा असेल.

महिला रुग्णांच्या बाबतीत उरोस्थीच्या खालच्या टोकाचा मार्कर नेमका अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली येतो. हे शिफारशींच्या आकृत्यांत कुठेच दिसत नाही, पण प्रयोगशाळेत रोज दिसते. पट्ट्यावर मार्कर लावला तर तो श्वासागणिक कापडाबरोबर हलतो. आम्ही आता मागून बांधायच्या, पुढे योग्य ठिकाणी छेद असलेल्या बंड्या शिवून घेतल्या आहेत आणि मार्कर लावण्याचे काम महिला सहकारीच करते. या कामी लहान व्यासाची बैठक असती, तर छेदही लहान पुरला असता.

इथे माझे एक मत बदलले, ते सांगायला हवे. पहिले काही महिने ॲक्रोमिअनवर लावायचा तीन गोळ्यांचा क्लस्टर ही मला चैनीची वस्तू वाटत होती. खांद्यावर एक मार्कर पुरतो, उगाच खर्च कशाला, असे मी खरेदी समितीतही म्हटले होते. पुढे खांदा आखडलेल्या रुग्णांच्या नोंदी साठू लागल्या. निरोगी माणसात हात वर जाताना ढोबळमानाने दोन भाग हालचाल खांद्याच्या सांध्यात आणि एक भाग खवाट्याच्या हाडात होते. हे रुग्ण सांधा हलत नसल्यामुळे खवाटाच उचलून हात वर नेतात. एकटा मार्कर खवाटा उचलला गेला एवढे सांगतो. तो कितपत फिरला आणि कोणीकडे कलला, हे त्याला सांगताच येत नाही, कारण दिशा कळण्यासाठी एका रेषेत नसलेले किमान तीन बिंदू लागतात. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे आलेख क्लस्टरसह शेजारी ठेवले, तेव्हा त्याची किंमत वसूल झाली असे मला वाटले.

अर्थात त्यालाही मर्यादा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खवाट्याच्या हाडात थेट पिना बसवून त्वचेवरच्या मापाशी तुलना केली गेली होती. हात साधारण १२० अंशांपर्यंत वर जाईतो त्वचेवरचे माप भरवशाचे ठरले, त्यापुढे नाही. कारण उघड आहे: हात वर गेला की खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू फुगतो आणि क्लस्टरला खालून ढकलतो. म्हणून तो पुढे डेल्टॉइडच्या उगमाकडे न लावता मागच्या सपाट भागावर, खवाट्याचा कणा (त्या हाडावरची मागची आडवी धार) जिथे ॲक्रोमिअनला मिळतो तिथे लावावा, आणि खवाट्याचे उंचवटे टोकदार कांडीने हात खाली असताना एकदा व वर असताना पुन्हा एकदा नोंदवावेत. दंडाचा क्लस्टरही स्नायूच्या पोटावर न लावता कोपराच्या जवळ, बाहेरच्या अंगाला लावावा. तिथेही दंडाच्या पिळाचे माप प्रत्यक्षापेक्षा कमीच येते, कारण हाड फिरते आणि त्वचा मागे राहते.

क्लस्टरची स्तुती करताना पुरवठादारावरचा माझा राग मात्र वाढतो. या क्लस्टरच्या पट्टीत गोळे बसवण्यासाठी पितळी आटे घातलेले आहेत आणि आजवर त्यांतला एकही गोळा हललेला नाही. म्हणजे टिकाऊ आटे कसे करायचे, हे या मंडळींना माहीत आहे. सुट्या बैठकांत मात्र ते करायचे नाहीत आणि सुट्या बैठका गोळ्यांशिवाय विकायच्याही नाहीत, असे त्यांचे धोरण दिसते. एक आटा झिजला की चांगला गोळाही पुन्हा विकत घ्या, हा हिशेब सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला परवडणारा नाही.

त्यामुळे उपाय आम्हीच शोधला. भोसरीतील एका लेथवाल्याने नमुना पाहून डेलरिनच्या (एका कठीण प्लॅस्टिकच्या) बैठका करून दिल्या: व्यास लहान, कडा उतरत्या आणि मध्ये पितळी आटे. पुरवठादार एका मार्करचे जे पैसे घेतो, त्यात अशा आठ-दहा बैठका झाल्या. ताठ पट्टीच्या चाचणीत त्या मूळच्या नव्या बैठकांइतक्याच स्थिर निघाल्या आणि पुष्कळ वापरानंतरही तशाच आहेत. चिकटपट्टीसाठी नाटकाच्या रंगभूषेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातली, टोप चिकटवण्याची पट्टी आम्ही वापरतो. ती घामाला दाद देत नाही आणि काढताना त्वचेला त्रासही कमी देते. त्वचा आधी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यायची, आणि चाचणीच्या दिवशी अंगाला तेल लावून येऊ नये, हे रुग्णाला भेटीची वेळ देतानाच सांगायचे.

पुढच्या खरेदीत आम्ही सुटे गोळे आणि दोन क्लस्टर एवढेच मागवले होते. बैठकांविना संच विकला जात नाही, असे पुरवठादाराने कळवले आहे आणि त्यावर आमच्या खरेदी विभागाचे पत्र गेले आहे. दरम्यान, जे हा संच घेण्याच्या विचारात असतील त्यांनी मागणी नोंदवण्याआधी गोळ्याच्या आट्याचे माप, बैठकीचा व्यास आणि ‘झिजणाऱ्या वस्तूं’ची संपूर्ण यादी या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, तोंडी आश्वासने आम्हालाही भरपूर मिळाली होती.