अली की टायसन? आधी साल ठरवा

१९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो या बॉक्सरांची लुटुपुटीची लढत चित्रित झाली. मार्सियानो १९५६ मध्येच निवृत्त झालेला, अलीने सैन्यभरतीला नकार दिल्यापासून त्याला रिंगणाबाहेर बसवलेलं. दोघे सत्तरेक राउंड खेळले, शेवट मात्र वेगवेगळे चित्रित केले गेले, कारण निकाल संगणक देणार होता. चित्रपट लागायच्या आधीच मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या राउंडमध्ये अलीला आडवं करताना पाहिलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला!

वेगवेगळ्या काळांतल्या हेवीवेटना, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातल्या बॉक्सरांना, भिडवण्याचा हा खेळ तिथून आजपर्यंत चालू आहे, आणि त्यातली सगळ्यात जास्त वाद घालायला लावणारी जोडी म्हणजे अली आणि माइक टायसन. तुम्हाला यात बाजू घ्यायची असेल तर माझं मत आधीच सांगतो: अली. पण कोणता अली, कोणता टायसन आणि मध्ये रेफरी कोण, हे ठरवल्याशिवाय या मताला काडीचीही किंमत नाही.

दोघांचं ऐन बहराचं वय घेऊ. अली नोव्हेंबर १९६६ चा, वय २४. ह्यूस्टनमध्ये त्याने क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवलं तो. टायसन जून १९८८ चा, बाविशीला तीन दिवस कमी. अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा. उंची ६ फूट ३ इंच विरुद्ध ५ फूट १० इंच. हातांचा पल्ला ७८ इंच विरुद्ध ७१. वजनात मात्र बुटका टायसनच किंचित भारी, ९९ किलोंच्या आसपास; अली ९६-९७.

लोक नेमक्या याच दोन लढतींच्या क्लिपा एकमेकांना पाठवतात, आणि दोन्ही फसव्या आहेत. विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड गेलं होतं. स्पिंक्स मूळचा लाइट हेवीवेट, म्हणजे हलक्या वजनगटातला, आणि रिंगणात चढतानाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती. या क्लिपांमधून वेग कळतो. समोरचा तगडा असेल तर काय होईल, ते कळत नाही.

टायसनची बाजू आधी, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. प्रशिक्षक कस डमाटोने त्याला दोन्ही ग्लोव्ह गालाला चिकटवून, डोकं सतत हलतं ठेवून आत शिरायला शिकवलं होतं. एका झेपेत तो अंगचटीला यायचा, उजवा बरगडीत आणि त्याच हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, हनुवटीला. अलीची जुनी खोड इथे महागात पडते. हात कमरेशी ठेवून, ठोसा आला की मान सरळ मागे न्यायची. प्रशिक्षक पोरांना हे करू नका म्हणून सांगतात, अलीला ते डोळ्यांच्या वेगामुळे पचायचं. नेहमी नाही. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपर, १९७१ मध्ये जो फ्रेझर: तिघांनी त्याला जमिनीवर बसवलं, आणि तिन्ही वेळा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा. कूपरचा ठोसा चौथ्या राउंडच्या अगदी शेवटी बसला म्हणून घंटा अलीच्या मदतीला आली. टायसनचा डावा हुक कूपरपेक्षा जलद होता, आणि फ्रेझरसारखा तो एका हातावर विसंबून नव्हता. फ्रेझरला तापायला दोन-तीन राउंड लागायचे, टायसन पहिल्या घंटेलाच पेटलेला असायचा.

आता अली. त्याचे पाठीराखे लगेच फेब्रुवारी १९९० ची टोकियोची लढत काढतात: बस्टर डग्लसने जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारमारून दहाव्या राउंडमध्ये टायसनला पाडलं. हा पुरावा मी घेणार नाही. तोवर केविन रूनी हा प्रशिक्षक गेला होता, सराव ढेपाळला होता. चांगला पुरावा त्याच्या आधीचा, रूनी टायसनच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याचा प्रशिक्षक असतानाचा आहे. स्पिंक्सपर्यंत टायसनच्या ३५ लढती झाल्या आणि ३१ जण नॉकआऊट झाले. उरलेले चार म्हणजे जेम्स टिलिस, मिच ग्रीन, बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर. टिलिसने पाय चालवले. स्मिथने ठोसे टाळायला बारा राउंड नुसती मिठी मारली. ती लढत पाहणं ही शिक्षाच आहे. टकरने ऑगस्ट १९८७ मध्ये पहिल्याच राउंडला अपरकट मारून टायसनला हलवलं, मग तोही जॅब आणि पकड यांवर शेवटपर्यंत तगला. पहिला तडाखा चुकला की टायसनचे चार-पाच ठोशांचे सपाटे एकेकट्या ठोशांवर यायचे, हे या लढतींत दिसतं. या चौघांपैकी एकाकडेही अलीचे पाय नव्हते, आणि जॅब तर नव्हताच.

‘पाचव्या राउंडनंतर टायसन संपतो’ हे मात्र खरं नाही. उंचपुरा, ऑलिंपिक सुवर्णपदकवाला टायरेल बिग्ज जॅब आणि पायांवरच खेळायला आला होता. सातव्यात त्याचा भुगा झाला. होसे रिबाल्टाला तर दहाव्यात थांबवलं.

म्हणून माझ्या हिशेबात रेफरी महत्त्वाचा. जानेवारी १९७४ मध्ये फ्रेझरशी दुसऱ्यांदा खेळताना अलीने त्याची मान धरून डोकं खाली दाबलं, आतली मारामारी होऊच दिली नाही आणि बारा राउंड गुणांवर जिंकला. १९७५ मध्ये मनिलात रेफरी कार्लोस पदिया यांनी तसं धरू दिलं नाही. ती लढत अलीला मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेली. फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने पंधराव्याआधी त्याला थांबवलं म्हणून ती संपली. फ्रेझर बुटका, आत घुसणारा, म्हणजे टायसनच्याच घराण्यातला. पकड सोडवणारा रेफरी असेल तर टायसनचं पारडं बरंच जड होतं.

राउंडांचंही तसंच. अलीच्या काळी विजेतेपदाची लढत १५ राउंडांची. १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी चौदाव्या राउंडपर्यंत लढलेला कोरियाचा किम दुक-कू दगावला, आणि त्यानंतर हळूहळू १२ झाले. टायसन पंधरा राउंडांची लढत कधी खेळलाच नाही. पंधरा असतील तर मी अली म्हणेन, अकराव्या-बाराव्यात थकवून. बारा असतील तरी अली, गुणांवर. टायसनची खरी संधी पहिल्या चार राउंडांत, आणि तिथे तो तीनात एकदा तरी जिंकेल असं मला वाटतं. १९७४ चा, किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनला दमवणारा अली घेतला तर मी पैज मागे घेईन. फोरमनचे ठोसे लांबून, वळणं घेत यायचे. टायसनच्या आखूड ठोशांपुढे दोराला टेकणं धोक्याचं.

बाकीच्या जोड्यांवर फार वेळ घालवू नका. टायसन विरुद्ध मार्सियानो: ४९ पैकी ४९ जिंकलेला असला तरी मार्सियानो ८४-८५ किलोंचा, आजच्या नियमांत तो क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातला ठरेल. टायसन, पाचव्याच्या आत. टायसन विरुद्ध १९७३ चा फोरमन: किंग्स्टनला त्याने दोन राउंडांत फ्रेझरला सहा वेळा पाडलं होतं. वाकून आत येणाऱ्या बुटक्याला हातांनी ढकलून अपरकट हाणायचा हे त्याचं काम. मी फोरमन घेईन. जुने लोक आजच्या धिप्पाडांपुढे टिकणार नाहीत म्हणणाऱ्यांना युक्रेनचा हेवीवेट ओलेक्सांदर उसिक दाखवा. ६ फूट ३ इंच, पल्ला ७८, म्हणजे थेट अलीचं माप. त्याने ६ फूट ९ इंचांच्या टायसन फ्यूरीला (हा वेगळा टायसन) २०२४ मध्ये दोनदा हरवलं.

मला अडकवून ठेवते ती अली विरुद्ध जो लुईस. १९३७ ते १९४९ विजेता, २५ वेळा किताब राखलेला, ठोसा जेमतेम सहा इंचांवरून मारलेला पण माणूस पाडणारा. समोरच्याच्या चुकीची तो वाट पाहायचा, आणि अली चुका भरपूर करायचा. पण १९४१ मध्ये बिली कॉन नावाच्या चपळ लाइट हेवीवेटने बारा राउंड लुईसला नुसतं फिरवलं, गुणांवर पुढे होता; तेराव्यात नॉकआऊटची हाव धरली आणि स्वतःच पडला. कॉनकडे नव्हतं ते वजन अलीकडे होतं, आणि पल्लाही. म्हणून इथेही अलीच, फक्त हात कमरेशी ठेवून नाचायची चैन लुईससमोर त्याला परवडणार नाही.