बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये (सगळ्यात जड गटात) एक नंबर कोण, युक्रेनचा उसिक का इंग्लंडचा फ्युरी?

आधीच सांगून टाकतो, माझं मत उसिकला आहे, पण फ्युरीवाले पोट्टे काही भैताड नाहीत, त्यांच्या बोलण्यात दम आहे म्हणूनच तर दोघांना शेजारी ठेवून बघायचं. इंग्लंडचा जोशुआ आणि अमेरिकेचा वाइल्डर, या बाकीच्या दोन मोठ्या हेवीवेटना मी यात धरतच नाही. जोशुआला उसिकनं 2021 आणि 2022 ला लागोपाठ पॉइंटवर हरवलं, वाइल्डरला फ्युरीनं दोनदा आडवा केला, विषय संपला. (वाइल्डरचा उजवा हात मात्र बाप्पा! 2008 ला बीजिंगमध्ये आपल्या विजेंदरनं ब्राँझ घेतलं, त्याच ऑलिम्पिकमध्ये हेवीवेटचं एक ब्राँझ यानं नेलं होतं.)

फ्युरीचं आधी. उंची सहा फूट नऊ इंच, आणि एवढा मोठा माणूस असून कंबरेतून असा वाकतो की समोरच्याचा पंच हवेतच जाते. 2015 ला जर्मनीत जाऊन त्यानं तेव्हाच्या चॅम्पियन क्लिच्कोला हरवलं, जो अकरा वर्षं कोणाला हरला नव्हता. मग दारू, नशा, डिप्रेशन, वजन वाढलं ते वेगळंच, अडीच वर्षं रिंगमध्ये नाही. परत आला तर 2018 ला वाइल्डरनं बाराव्या राउंडला त्याला पाठीवर झोपवला, आपण म्हटलं गेला, आणि हा भाऊ रेफरीचा दहापर्यंतचा काउंट संपायच्या आत उठून पुन्हा मारून राहिला. फेब्रुवारी 2020 ला तर पळापळ सोडून सरळ पुढं पुढं चालत गेला आणि सातव्या राउंडला वाइल्डरच्या कॉर्नरनं टॉवेल फेकला, म्हणजे हार मानली. फक्त एका रात्रीचा बेस्ट हेवीवेट विचाराल तर मीही त्याच रात्रीचा फ्युरी म्हणीन.

पण मग 2023 ला एमएमएवाल्या (लाथा, कुस्ती सगळं चालते तो खेळ) एन्गानूनं, ज्याची ती पहिलीच प्रो बॉक्सिंग फाइट, त्याला खाली पाडलं. जिंकला कसाबसा, स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीन जजपैकी दोघांच्याच मतानं. एक नंबरवाल्याचं असं कसं चालेल?

आता उसिक. याचं मला सगळ्यात जास्त काय पटते तर हा दुसऱ्याच्या गल्लीत जाऊन जिंकते. क्रूझरवेटला (हेवीवेटच्या खालचा गट) असताना ग्लोवाकीला पोलंडमध्ये, हुकला बर्लिनमध्ये, ब्रिएडिसला रीगात, गासिएवला मॉस्कोत, बेल्यूला मँचेस्टरमध्ये, म्हणजे सगळे ज्याच्या त्याच्या घरच्या पब्लिकसमोर. हेवीवेटला आल्यावर जोशुआला लंडनमध्ये, आणि जुलै 2025 ला डुब्वाला वेम्बलीवर पाचव्या राउंडला नॉकआउट. तिथपर्यंत 24 पैकी 24 जिंकलेल्या.

फ्युरीवाले म्हणतात उसिकनं फ्युरीला हरवलेली पहिली मॅच एका पॉइंटची होती, नवव्या राउंडचा तो काउंट (त्याचा एक पॉइंट जाते) नसता तर ड्रॉ झाली असती. हिशोब बरोबर आहे, एका जजचे 114-113 बरोबरीत आले असते आणि निकाल ड्रॉ. पण तो राउंड नीट बघा ना. मे 2024, रियाध, आपल्याकडे पहाट, मी कूलर फुल करून बसलेलो. उसिक डावखुरा, तो आपला उजवा पाय सारखा फ्युरीच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवते, त्यामुळं डाव्या हाताला सरळ रस्ता मिळते, आणि तोच डावा तोंडावर बसला तसे फ्युरीचे पाय गेले, इकडच्या दोरावरून तिकडच्या दोरावर आपटत गेला. दोर होते म्हणून उभा होता! रेफरीनं मधे येऊन काउंट घेतला म्हणून वाचला, नाहीतर पुढच्या दोन पंचांत फाइटच संपली असती. काउंट काढून टाकायचा म्हणता तर तेही मोजा.

डिसेंबरच्या रीमॅचला फ्युरी जवळपास 25 किलोनं जड होता. तिन्ही जज, 116-112, उसिक. वजनानं फाइट जिंकता आली असती तर काय पाहिजे होतं. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं 2021 ला पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत 81 किलोच्या वरच्या गटात गोल्ड आणलं, त्यामुळं या गटात नुसता धिप्पाडपणा चालत नाही हे इथं कोणाला वेगळं सांगायला नको.

उसिकला डाग नाही असं नाही. 2023 ला डुब्वाच्या बेल्टजवळच्या पंचानं तो खाली बसला, रेफरीनं लो ब्लो (बेल्टखालचा फाउल पंच) दिला, त्यावर लोक अजून भांडून राहिले. पोटावर मार त्याला झेपत नाही हा आरोप मला थोडा पटते.

तुमचं अजून ठरत नसेल आणि वेळ कमी असेल तर रियाधची पहिली मॅच लावा, चौथ्या ते नवव्या राउंडपर्यंत. चार ते सात फ्युरी भारी दिसते, त्याचे अपरकट पोटात बसून राहिले असतात, मग आठव्यापासून उसिक काय बदलते ते बघा, नजर हातांवर नाही, पायांवर ठेवा.