मुलांना गाडी शिकवायची कोणी: ड्रायव्हिंग स्कूलने की घरच्यांनी?

बारावी झाली, 18 पूर्ण झाली, लर्निंग लायसन्सची परीक्षाही आधारच्या जोरावर घरबसल्या उरकली. पुढे काय? नवी मुंबईत बहुतेक घरांत दोनच वाटा असतात: सेक्टरमधलं ड्रायव्हिंग स्कूल, नाहीतर घरची गाडी आणि शेजारी आई किंवा बाबा. (18च्या आत 'सोसायटीपुरती फिरवू दे' हा हट्ट पुरवू नये. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकालाच 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे.)

आमच्या घरी दोन्ही वाटा पाहून झाल्या आहेत आणि माझा कल घरच्या गाडीकडे आहे. तरी स्कूलची बाजू हलकी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच असतो. पालकांच्या धास्तीवर याहून चांगला उतारा नाही. सिग्नलला मुलगी गडबडून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय देऊन बसली, तरी गाडी पुढच्या रिक्षाला टेकायच्या आत थांबण्याची बरीच शक्यता असते. शिकवणाऱ्याच्या हाताखालून कितीतरी पोरं गेलेली असतात, त्यामुळे त्याचा आवाज चढत नाही. आरटीओची तारीख आणि टेस्टची गाडी ही कटकटही बहुधा तेच बघतात. नियमाप्रमाणे कोर्स किमान 21 दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तासांचं हवं. अर्ध्या तासाच्या फेरीत तिघांना बसवलं, की हे 10 तास कुठे आटतात ते विचारायला हवं. रोज तोच चौक आणि तीच वळणं असली, की मूल रस्ता पाठ करतं आणि त्यालाच गाडी येणं समजतं. पण एवढ्यावरून मी स्कूलला नाही म्हटलं नसतं.

नाही म्हणायला लावलं ते क्लचने. जोडलेल्या पेडलांच्या गाडीत शिकवणाऱ्याने आपला क्लच दाबला, की शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडलही खाली जातं. रहदारीत गाडी बंद पडू नये, मागच्याने हॉर्न वाजवू नये म्हणून अनेक सर तो क्लच स्वतःच सांभाळतात. मुलाचा पाय पेडलवर असतो, पण वजन दुसऱ्याचं. हाफ क्लच, म्हणजे पेडल अर्धवट सोडल्यावर गाडी हलू लागते ती जागा, कुठे लागतो, तिथे इंजिनचा आवाज कसा जड होतो, गाडी कशी थरथरते, हे पायाला कळतच नाही. 'बाबा, सर म्हणायचे तू फक्त स्टिअरिंग बघ,' हे वाक्य ऐकलं, की समजावं क्लच कोण चालवत होतं. लायसन्स मिळतं आणि क्लच शिकायचा राहून जातो.

हे कळतं सोसायटीच्या रॅम्पवर. आपल्याकडच्या नव्या टॉवरांत पार्किंग पोडियमवर असतं, रॅम्प अरुंद आणि वर वळलेला. मध्यावर समोरून कोणी उतरताना दिसलं की थांबावं लागतं आणि मागे शेजाऱ्यांची गाडी येऊन चिकटलेली असते. ब्रेक सोडला की गाडी मागे सरकते. घाबरून क्लच झटक्यात सोडला की बंद पडते. पुन्हा स्टार्टर मारेपर्यंत आणखी वीतभर मागे. स्कूलची फेरी सपाट रस्त्यावर झालेली असते, त्यामुळे हा प्रसंग तिथे आलेलाच नसतो.

घरच्या गाडीत हा पाया पक्का करता येतो. मोकळ्या सपाट जागी पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. टाच जमिनीवर टेकवून क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी नुसत्या क्लचवर सरकू लागेल. मग पुन्हा दाबून थांबायचं. एका बैठकीत 20 वेळा तरी. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. करपल्यासारखा वास आला तर मात्र दहा मिनिटं थांबावं, क्लच प्लेट तापलेली असते. ते जमलं की सौम्य चढ: हँडब्रेक वर, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आवाज बसून बॉनेट किंचित उचलेपर्यंत क्लच सोडायचा, मगच हँडब्रेक खाली. चढासाठी बेलापूरचा पारसिक हिल चांगला, पण मॉर्निंग वॉकची गर्दी ओसरल्यावर. सपाट सरावाला उलवे किंवा खारघरच्या आतल्या सेक्टरचे रस्ते रविवारी सकाळी 7च्या आत. पाम बीच रोड सरळ आणि देखणा आहे, म्हणूनच तो नवशिक्यासाठी नाही. तिथे वेग आपोआप चढतो. ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक आणि उरणकडचे ट्रेलर तर पुढच्या महिन्यांवर ढकलावेत.

आता धास्तीचं. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, पण दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेक असतो आणि तो शेजारी बसलेल्याच्या उजव्या हाताशी येतो. पहिल्या दिवशी मुलाला चालवायला देण्याआधी 15-20च्या वेगात तो स्वतः ओढून बघावा. बटण दाबून ठेवून टप्प्याटप्प्याने ओढायचा. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: हँडब्रेकने मागचे लाल दिवे लागत नाहीत, मागच्याला आपण थांबतोय हे कळत नाही. म्हणून सराव रिकाम्या रस्त्यावरच, आणि काचेला चिकटवायचा एक जादा आरसा आपल्यासाठी.

एल बोर्ड पुढे-मागे दोन्हीकडे लावावा: पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर, पाटी 18 सेंटीमीटर चौरस. शेजारी बसणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 3च्या या अटी विम्याच्या ड्रायव्हर क्लॉजमध्येही असतात. बोर्डाचा आळस केला आणि ठोकर बसली, तर क्लेम अडू शकतो.

पालकाची भीती पायापेक्षा तोंडातून जास्त बाहेर पडते. 'अरे अरे, बघ ना!' यातून मुलाला काहीच कळत नाही. उलट दचकून डावा पाय क्लचवरून उचलला जातो आणि गाडी उडी मारते. सूचना वळणाआधी पन्नासेक मीटर द्यावी आणि ती कृतीची असावी: 'पुढे डावीकडे. आरसा. इंडिकेटर. दुसरा गिअर.' डावीकडे वळताना डाव्या आरशात बघून घे, हे दर वळणाला म्हणावं लागतं, कारण दुचाक्या तिथूनच घुसतात. स्टिअरिंगला हात घालायचा तो गाडी खरंच आपटत असेल तरच. ओरडण्याचा सूर लागायच्या आत गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. अर्ध्या-पाऊण तासापुढे शिकणाऱ्याचं लक्ष उडतंच, आणि शिकवणाऱ्याचा धीरही.

हे संयमाचं काम सगळ्यांना जमेलच असं नाही. आईला जमतं आणि बाबांना नाही, हे फार घरांत दिसतं. मग आईनेच शेजारी बसावं. गाडी ऑटोमॅटिक असेल तर माझा क्लचचा मुद्दाच निकालात निघतो, आणि मग पेडलांची गल्लत होऊ नये म्हणून सुरुवात जादा ब्रेकच्या गाडीत केलेली बरी वाटते. हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असलं तरी तसंच. बऱ्याच गाड्यांत ते धरून ठेवलं की चालती गाडी थांबते, पण आपल्या गाडीत ते कुठे आहे आणि शेजारून हात पोचतो का, हे बघूनच ठरवावं. आपल्या गाडीवर येऊन शिकवणारे सरही मिळतात. क्लच त्यांना चालवता येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. ब्रेकही त्यांच्या पायाशी नसतो, एवढं लक्षात असू द्यावं.

स्कूलच निवडणार असाल तर फी भरण्याआधी एका फेरीला मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे बसायला मिळेल का विचारा. तिथून सरांचे पाय दिसतात. चौथ्या-पाचव्या दिवशीही त्यांचा डावा पाय क्लचवरच असेल, तर तो काढून घ्यायला सांगा. गाडी दोन-चारदा बंद पडली तरी चालेल म्हणावं. आणि शेवटच्या चार फेऱ्या चढावर, निदान आपल्याच सोसायटीच्या रॅम्पवर मागून घ्या.