एप्रिलच्या बर्फाचे फोटो: फोन की कॅमेरा?

बॉस्टनमध्ये एप्रिलात स्नो पडला की आधी वैतागच येतो. फावडं नुकतंच तळघरात गेलेलं असतं. (१९९७ला ३१ मार्च-१ एप्रिलच्या वादळात इथे पंचवीस इंचांवर बर्फ पडला होता, त्यामुळे जुनी मंडळी फावडं आवरायची घाई करत नाहीत.) पण कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर त्या सुमारास मॅग्नोलिया फुललेला असतो. लाल विटांची घरं, गुलाबी फुलं, त्यांवर पांढरा थर. फोटो काढावासा वाटणारच. मग खिशातला फोन पुरे की कपाटातला मिररलेस कॅमेरा (लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला) काढायचा? मी दोन्ही करून पाहिलंय.

फोनच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे वेळ. हा जानेवारीतला कोरडा, भुसभुशीत स्नो नव्हे. पाणी भरलेले जड पुंजके पडतात आणि ऊन आलं की जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं गटारात. तुम्ही बॅटरी चार्ज करेपर्यंत फुलांवरून पाणी गळायला लागतं. शिवाय पांढऱ्या रंगाला फोन बहुतेक वेळा फसत नाही. कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक-दीड स्टॉप, म्हणजे उजेड दुपटी-तिपटीने, वाढवला नाही तर बर्फ राखेसारखा येतो. ओल्या स्क्रीनवर थेंबालाच बोट समजून फोन भलतीकडे फोकस करतो, पण आवाजाच्या बटणाने हातमोजे घालूनही क्लिक होतं. तेवढं मी चालवून घेतलं असतं.

एक गोष्ट मात्र चालवून घेता आली नाही. एका संध्याकाळी बीकन हिल या इथल्या जुन्या वस्तीत गॅसच्या दिव्याखाली उभा होतो. समोर कापूस पिंजल्यासारखा स्नो. फोटो पाहिला तर रस्ता पांढरा, पायऱ्या पांढऱ्या, हवेत काही नाही! दिव्याभोवती चार पुसट डाग. कमी उजेडात फोन एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांची एक करतो. या फ्रेममध्ये आहे, पुढचीत नाही, असा ठिपका त्याच्या लेखी कचरा, आणि तो इमानेइतबारे झाडून टाकतो. फोटो आईला पाठवला तर तिचा उलट प्रश्न, "थांबला का रे?" अहो, पडत होता की अजून!

कॅमेऱ्यात निदान ठरवणारा मी असतो. शटर सेकंदाच्या १/६० भागापुरतं उघडलं तर पांढऱ्या रेघा, १/५००ला पुंजके जागच्या जागी. अंधार पडताना आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढतो, फोटो दाणेदार येतो, येऊ दे. फ्लॅश अगदी हलका, नाहीतर लेन्ससमोरचे पुंजके पुरीएवढे दिसतात. ऑटोफोकसही कधीकधी जवळच्या पुंजक्यात अडकतो, तेव्हा मी हाताने फोकस करतो. घरी येताना झिपच्या पिशवीत बंद करूनच आत आणायचा आणि तासभर उघडायचा नाही, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कटकट आहे, नाही म्हणत नाही.

दिवसाउजेडी फुलांवर साचलेला बर्फ हवा असेल तर फोन भरपूर झाला, त्यासाठी कॅमेरा घ्या असं मी म्हणणार नाही. माझा फोनही जुना आहे. नव्यात कदाचित हे सुधारलं असेल, रॉमध्ये, म्हणजे फोनने फारशी प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढून बघा. पण पडता बर्फ हवा असेल तर... माझा कॅमेरा आता मे उजाडेपर्यंत दाराजवळच्या खुंटीवरच असतो, चार्ज केलेला.