जळून गेलेल्या अल्बमसाठी : नारायण पेठेतील एका फोटो स्टुडिओचा अनुभव

जुनी छायाचित्रे स्कॅन करून दुरुस्त करून देणाऱ्या नारायण पेठेतील या स्टुडिओत मी २०२५ च्या फेब्रुवारीत ज्या कामासाठी गेले, ते सांगितल्याशिवाय त्याच्या सेवेविषयी नीट लिहिता येणार नाही.

माझी मावसबहीण लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या अल्टाडेना या वस्तीत वीस वर्षे राहत होती. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी ईटन कॅन्यनमध्ये लागलेली आग सांता आना या तिकडच्या कोरड्या, वेगवान वाऱ्यांमुळे रातोरात घरांपर्यंत पोहोचली. त्या एका आगीत ९,४०० हून अधिक इमारती गेल्या आणि त्यांत तिचेही घर होते. ती राहत असलेल्या पश्चिम भागाला घरे सोडण्याचा आदेश मिळाला तो पहाटे तीननंतर. पासपोर्टची फाइल, औषधे आणि मुलगी एवढे घेऊन तिने गाडी काढली; अल्बम जिन्याखालच्या कपाटातच राहिले.

लग्नापर्यंत ती आमच्याच कोथरूडच्या सोसायटीत वाढलेली असल्यामुळे बातमी कळताच शेजाऱ्यांनी पैसे आणि कपडे पाठवण्याची तयारी दाखवली. मात्र तिकडच्या मदत केंद्रांवर कपड्यांचे इतके ढीग साचले होते की अनेकांनी ते घेणे थांबवले होते. "कपडे नकोत गं, आईचा एखादा फोटो कुणाकडे असला तर बघ," एवढेच ती म्हणाली. तळमजल्यावरच्या आजींनी त्याच दुपारी आपली ट्रंक उघडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठचे त्यांचे राहते घर गेले होते आणि पुढची काही वर्षे त्यांनी पूरग्रस्तांच्या वसाहतीत काढली होती. वडिलांचा एकही फोटो उरला नाही आणि आता त्यांचा चेहराही नीट आठवत नाही, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. आठवडाभरात हळदीकुंकवाचे, बारशांचे, सहलींचे, कुणाच्या तरी मुंजीत मागच्या रांगेत बसलेल्या मावशीचे असे १४३ फोटो जमले. साताऱ्याच्या मामांनी तर अख्खा अल्बम एसटीच्या पार्सलने पाठवून दिला.

हा सगळा ठेवा लोकांनी विश्वासाने दिलेला होता, म्हणून स्टुडिओ निवडताना मी दर शेवटी विचारला. इथल्या मालकांनी प्रत्येक पाकिटावर कोणाचा फोटो आहे ते पेन्सिलीने लिहून घेतले, कारण पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो त्यांनी ओढून न काढता पातळ दोरा खालून सरकवत सोडवले, आणि जे सुटण्यासारखे नव्हते ते पानासकट स्कॅन केले. मी न सांगताही मागची बाजू स्कॅन केली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मावशीच्या हातचे "चि. बाळी, सिंहगड, पावसात" हे शब्द त्यामुळेच हाती लागले.

पहिल्या खेपेत एक गंभीर चूक मात्र झाली. आमच्या आजीच्या कपाळावर गोंदण होते. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने ते बुरशीचा डाग समजून पुसून टाकले होते, आणि संगणकाच्या आपोआप सफाईमुळे गालांवरच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. समोर दिसत होती ती गुळगुळीत चेहऱ्याची कुणी अनोळखी बाई. ते पाहून मला रडू आले. मालकांनी वाद न घालता मूळ स्कॅनवरून तो फोटो माझ्यासमोर पुन्हा केला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि उरलेल्या चेहऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असे त्या मुलाला बजावले. तुम्ही काम देणार असाल तर हे आधीच लिहून द्यावे.

दहा दिवसांचे काम एकोणीस दिवसांवर गेले आणि त्यासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या. विलंब होणार हे फोनवर कळवायला हवे होते. स्कॅनचा दर वाजवी आहे. दुरुस्ती महाग पडते, म्हणून मी ती फक्त बावीस फोटोंची करून घेतली. १९८० च्या दशकातील लालसर पडलेल्या रंगीत फोटोंवर त्यांचा हात विशेष चांगला बसला आहे. मॅट कागदावरचे प्रिंट उत्तम आहेत, अल्बमची बांधणी साधारण आहे. एकही मूळ फोटो गहाळ झाला नाही किंवा दुमडला गेला नाही, आणि सगळे आपापल्या पाकिटात परत मिळाल्यामुळे ज्याचे त्याला देणे सोपे गेले.

अल्बम मार्चअखेर पासाडेनातील तिच्या भाड्याच्या घरी पोहोचला. तिने तो आमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर उघडला. तळमजल्यावरच्या आजीही माझ्याजवळ बसल्या होत्या. आजीच्या त्या कृष्णधवल फोटोवर ती थांबली, कपाळावर बोट ठेवले आणि शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाली, "हे गोंदण हिरवं होतं बरं का."